रफूवर आळ

दुरुस्तीनंतरही गवत पुन्हा जळालं, तेव्हा अंबिकाच्या आईने ठरवूनच टाकलं, की हे काम रफूचंच.

सोलापूरच्या त्या नव्या वसाहतीत पाण्याची इतकी टंचाई होती, की खऱ्या हिरवळीला परवानगीच नव्हती. त्यामुळे प्रत्येक बंगल्यापुढे कृत्रिम हिरवळ (प्लॅस्टिकच्या पात्यांचं, गालिच्यासारखं अंथरायचं गवत) होती. तिची देखभाल करायला रफू नावाचा एक बुटका यंत्रमानव. फाटलेला भाग तो चौकोनी कापून काढायचा, त्याच मापाचा नवा तुकडा बसवायचा आणि खालून पट्टी लावून गरम इस्त्रीने शिवण चिकटवायचा. जुन्या-नव्या पात्यांचा कल एकाच बाजूला हवा, नाहीतर ठिगळ लांबूनही ओळखू येतं. मग वर बारीक वाळू भुरभुरायची आणि उलटा ब्रश फिरवून पाती उभी करायची. चादरींच्या गावात अशा कारागिराचं नाव रफू नाही तर काय पडणार?

पण दिवाळीपासून काहीतरी बिनसलं होतं. अंबिकाच्या अंगणात पाती वितळून एक वाकडी रेघ उमटली. रफूने ती दुरुस्त केली. काही दिवसांनी तिच्या पलीकडे, घरापासून जरा लांब, दुसरी उमटली. तीही दुरुस्त झाली, तर तिच्यापुढे आणखी एक!

"अंगणात तापणारी वस्तू एकच हाय, त्याची इस्त्री," आई म्हणाली. "आपलं काम सुटू नये म्हणून स्वतःच जाळालाय नि स्वतःच शिवालाय."

तिने कंपनीला कळवलं. उद्या दुपारी गाडी येणार, रफूला नेणार आणि त्याची स्मृती पुसून सुटे भाग करणार.

अंबिकाला संशय घ्यायला तसं फारसं कारण लागत नसे. दूधवाल्यापासून गणिताच्या बाईंपर्यंत सगळे तिच्या नजरेखालून गेले होते. रफूवरही तिचा संशय होताच. पण रफू तिला मनापासून आवडायचा, त्यामुळे हा संशय चपलेतल्या खड्यासारखा टोचत होता.

"रफू, खरं सांग, तू जाळलंस?"

"नाही. पण माझं म्हणणं पुरावा होत नाही," रफू म्हणाला.

हे उत्तर तिला फारच साळसूद वाटलं. दुसऱ्या दिवशी सकाळीच तिने रफूला इस्त्रीसकट सामानाच्या खोलीत घातलं, कुलूप लावलं आणि किल्ली खिशात टाकली. मग अंगणात ठाण मांडून बसली. गवत जळलं नाही, तर चोर सापडला. जळलं, तर चोर दुसराच.

ऊन डोक्यावर येऊ लागलं. गवतावर एक उजळ पट्टा हळूहळू सरकत होता. अंबिकाने त्यात हात घातला आणि "आई गं!" म्हणून मागे ओढला. शेजारचं गवत नुसतं कोमट, आणि इथे चटका! थोड्याच वेळात प्लॅस्टिकचा उग्र वास सुटला. पाती एकमेकांना चिकटू लागली.

रफू तर कुलपात होता.

मग हा उजेड कुठून येतोय? ती पट्ट्यात वाकली आणि डोळे किलकिले करून वर बघू लागली, तोच सामानाच्या खोलीच्या खिडकीतून रफूचा आवाज आला, "त्याच्याकडे बघू नकोस! डोळ्यांना इजा होईल. उजेड अडवून बघ."

वरच्या मजल्यावरची काच लखलखताना तिला ओझरती दिसली होती. अंबिका धावत वर गेली. वरच्या खोलीला दिवाळीत दुहेरी काचेची खिडकी बसवली होती, आईची भारी लाडकी. अंबिकाने पलंगावरची चादर ओढली आणि खिडकीबाहेर काचेवर सोडली. खाली पट्टा गायब! चादर उचलली, पट्टा हजर.

"अगं, नवी चादर हाय ती! काय करालीस?" आई अंगणात येऊन ओरडली. तेवढ्यात फाटकाशी गाडीही थांबली.

"आई, तिथेच थांब आणि गवताकडे बघ!"

चादर खाली, चादर वर. आईने पट्ट्यात पाय ठेवला आणि झटकन उचलला. गाडीतला माणूसही वाकून बघू लागला.

"पण साधी काच जाळते कशी?" आईने विचारलं.

अंबिकाने कुलूप उघडलं आणि सगळे वर गेले. रफूने खिडकीच्या काचेवर एक सरळ मोजपट्टी आडवी धरली. मधोमध फट दिसली. काच आत दबलेली होती.

"हा झाला अंतर्वक्र आरसा (उथळ वाटीसारखा, आत दबलेला). तो सूर्याचे पसरलेले किरण एका जागी गोळा करतो. त्या जागेला नाभी म्हणतात. तिथे उष्णता साठते आणि प्लॅस्टिक वितळतं. थंडीत सूर्य खाली खाली उतरतो, म्हणून त्याचे परतणारे किरण दूर दूर पडतात. रेघ पुढे सरकत होती ती त्यामुळे."

"आणि काच दबली कशाने?"

इथे अंबिकाला महाबळेश्वरची सहल आठवली. "आई, वर पाणी पिऊन बाटलीचं झाकण घट्ट लावलं होतं. खाली आलो तर बाटली चेपलेली! ही काच कुठे बनली?"

"डोंगरावरच्या कारखान्यात," आई हळूच म्हणाली.

"म्हणजे दोन काचांमध्ये तिथली विरळ हवा कोंडलीय. इथली दाट हवा दोन्ही काचांना बाहेरून दाबतेय!"

गाडी रिकामीच परत गेली. खिडकीबाहेर जाळीचा पडदा लागेपर्यंत सोलापुरी चादर तिथेच राहिली. आई रफूला "सावलीत बसून शिव बाबा," म्हणाली आणि स्वतः वाळूची पाटी उचलून आणली.

अंबिकाच्या डोक्यात मात्र आता दुसरंच शिजत होतं. चुकून दबलेली काच गवत वितळवते, तर मुद्दाम वळवलेल्या काचा अख्ख्या वसाहतीचा भात का शिजवणार नाहीत? तिने रफूला विचारलं. "करून बघू," तो म्हणाला आणि ब्रश फिरवू लागला.

जरा वेळाने अंबिका त्याच्या शेजारी बसली. "मलाही तुझा संशय आला होता. मी तुला कोंडलं. वाईट वाटलं का?"

"नाही," रफू म्हणाला. "तू कुलूप लावलं नसतंस, तर मी सुटलो नसतो."