खटपट्या उभा का राहतो?

"काय रे खटपट्या, तू कारखान्यातला सगळ्यात महागडा यंत्रमानव, मग दिवसभर खांबासारखा उभा का असतोस?"

विचारलं बाई एकदाचं! तिच्या मैत्रिणी साफिया आणि केतकी दाराआड तोंड दाबून हसत होत्या. ऋजुताची हिंमत होणार नाही, अशी त्यांनी पैजच लावली होती. पण नववीत गेल्यापासून ऋजुता कुण्णाला म्हणून घाबरत नव्हती.

जालन्यात तिच्या आईबाबांचा बीजड्रोनचा (शेतावरून उडत बी पेरणाऱ्या यंत्रांचा) कारखाना होता. पेरणी तोंडावर आली होती आणि निम्मे ड्रोन अजून बिनपंखांचेच होते. शेजारच्या कारखान्यात माणसं तेवढीच, यंत्रमानवही याच जातीचे, तरी तिथून दुप्पट ड्रोन बाहेर पडत. "असंच चाललं तर आपला कारखाना त्यांनाच विकून टाकू," आई काल जेवताना म्हणाली होती.

खटपट्याचे दिवे लुकलुकले. "मी ताईंची वाट बघतोय. त्यांनी नजर टाकल्याशिवाय पंख बसवायचा नाही."

हे तर तिला ठाऊकच होतं! कारखाना नवा असताना एक ड्रोन थेट विहिरीत कोसळला होता. तेव्हापासून आई प्रत्येक पंखावर स्वतः हात फिरवायची. सगळे कौतुकानं त्याला 'ताईंची नजर' म्हणायचे. पण तेव्हा ड्रोन निघायचे मोजके. आता टेबलावर पंखांची चळत लागली होती आणि आई तिकडे फोनवर बियाणंवाल्यांशी बोलत होती.

"म्हणजे यंत्रं कमी नाहीत, आई कमी पडतेय!" ऋजुता ओरडलीच.

"एक आई सगळीकडे कशी पुरणार?" खटपट्या म्हणाला. "कारखान्याची अंतर्गत रचना (कोणी काय ठरवायचं, कोणाला विचारायचं, याची घडी) विस्कटली की उत्पादकता (तेवढ्याच माणसांकडून, यंत्रांकडून, तेवढ्याच वेळात होणारं काम) घसरते. शेजारी पंख बनवणारेच पंख पास करतात."

"पण त्यात गावाचं काय जातं?" केतकी आता आत आली होती.

"सगळ्याच कारखान्यांत माझ्यासारखे खांब उभे राहिले तर माल कमी, पगार कमी, नवी कामंही कमी. घडी नीट बसली तर नवं यंत्र न आणताही गावाची कमाई वाढते. आर्थिक वाढीला (दरवर्षी आधीपेक्षा जास्त माल, जास्त सेवा तयार होण्याला) नवी यंत्रं लागतात, शिक्षण लागतं, आणि हेही लागतं."

ऋजुता तडक आईसमोर जाऊन उभी राहिली. "आई, फक्त आजची दुपार नजर टाकू नकोस. पंख जिथे बनतात ते हबीबचाचांचं टेबलच, म्हणजे तिथली माणसंच, ते तपासतील."

"आणि परत विहिरीत गेला म्हणजे?"

"शेवटी उडवून बघतोच ना आपण! आणि पंख नापास करायचा हक्कही त्यांनाच दे."

आई कॅन्टीनमध्ये चहा घेऊन बसली खरी, पण मान सारखी खिडकीकडे. तिकडे हबीबचाचांनाही चैन नव्हतं. "ताईंना नुसता दाखवून येतो," म्हणत ते पंख घेऊन निघाले.

कॅन्टीनच्या दारात ऋजुता हात पसरून उभी. "चाचा, मागे फिरा!"

"अगं पोरी, चुकलं तर?"

"चुकलं तर तुमचं टेबल सांगेल ना!"

बऱ्याच वेळानं आतून चाचांचा खणखणीत आवाज आला, "हा वाकडा आहे. माझ्या टेबलावरून जाणार नाही!" ते ऐकून आईची मान पहिल्यांदा खिडकीवरून वळली. तिनं चक्क दुसरा चहा मागवला.

संध्याकाळी पटांगणात ड्रोन भिरभिरले. एकही कोसळला नाही. खटपट्याला दुपारभर उभं राहायला फुरसतच मिळाली नव्हती. या वेगानं पेरणीआधी सगळे ड्रोन निघणार होते.

"उद्याही पंख चाचांकडेच," आई म्हणाली. "आणि विकायचं बोलणं बंद."

"मग माझंही ऐका," ऋजुता म्हणाली. "मी यंत्रं बनवायला नाही शिकणार. कारखाने आतून कसे चालवायचे, ते शिकणार. आधी आपला, मग अख्ख्या जालन्यातले."

बाबांनी भुवया उंचावल्या. "आम्हाला विचारलंस?"

"विचारत नाहीये बाबा, सांगतेय!"