पाखडणाऱ्या बाईचं नाव

वाचनालयात शंभर वर्षांपूर्वीच्या चित्रांचं प्रदर्शन मांडायचं होतं. युरोपातून आलेल्या एका चित्रकाराने खेड्यात फिरून पेन्सिलीने काढलेली चित्रं. पाणी भरणाऱ्या बाया, चपला शिवणारा म्हातारा, सूप घेऊन धान्य पाखडणारी बाई. खाली नावांच्या चिठ्ठ्या लावायचं काम सूनबाईकडे होतं; ती तिथली ग्रंथपाल.

पाखडणाऱ्या बाईचं नाव चित्रकाराने चित्राच्या मागे रोमन लिपीत लिहिलं होतं. सूनबाईने अक्षरं जुळवली आणि तिला हसू आवरेना.

"त्याने नाव विचारलं असेल, ही लाजून म्हणाली असेल, मी कुणी नाही. त्या भल्या माणसाने तेच लिहून घेतलं! श्रीमती कुणीनाही!"

"आणि आडनाव काय वहिनी, कुठलीचनाही?" चित्रांना चौकटी बसवायला आलेला फ्रेमवाला खो खो हसला. तिने चिठ्ठीवर तेच नाव लिहून लावलंही.

डबा घेऊन आलेल्या सासूबाई चित्रापाशी थबकल्या होत्या.

"माझी आजी आहे गं ही. हनुवटीवरचा व्रण बघ. तिचं नाव मलाही ठाऊक नाही, आम्ही सगळी आजीच म्हणायचो. उद्या दोघी बहिणींना घेऊन येते. तेवढी चिठ्ठी बदलशील?"

"असू द्या हो आई, लोकांना गंमत वाटेल."

बोलून गेली आणि मनातून ओशाळली. पण चिठ्ठी तशीच राहिली.

सकाळी तिने कुलूप उघडलं. चित्रात अंगण होतं, उडालेला कोंडा होता, सूप अधांतरी होतं. बाई नव्हती.

त्या तिघी एवढ्यात येतील... त्यांना काय दाखवायचं? इतक्यात कपाटांमागून आवाज आला. सप्... सप्... कुणीतरी सावकाश पाखडत होतं. दमट धान्याचा वास आला.

मागे वळायचा धीर होईना. लाजेने मान वर होईना. देवाचं नाव घेत तिने चिठ्ठी फाडली, नवी लिहिली: 'आमची आजी'.

"चुकले मी, आजी... परत या."

आवाज थांबला. दारात चपला वाजल्या.

"हीच गं, हीच!" सासूबाईंचे डोळे भरून आले. बहिणींनी हात जोडले. सूनबाईने मनोमन देवाचे आभार मानले.

"पण काय गं," सासूबाई काचेजवळ वाकल्या, "आजीसमोर मान खाली घालून बसलेली ही कोण? काल नव्हती बाई..."

सूनबाईने पाहिलं. तिचेच खांदे, तिचीच वेणी, मांडीवरचे हात, सगळं रेखाटून झालं होतं. चेहरा तेवढा काढायचा राहिला होता.