पेटीमागची बॅटरी

२००६च्या दसऱ्याच्या सुमाराला दिपिकाची गाडी शहापूरच्या नाक्यावर बंद पडली आणि समोर सुदामचं गॅरेज होतं, एवढाच काय तो योगायोग. मुरबाडच्या कासारांची ही लेक लग्नघरी जाऊन नवरीला चुडा भरायची. पोलिओनं एक पाय अधू, म्हणून मोटारसायकलला बाजूनं तिसरं चाक लावलेलं. किक मारणं जमायचं नाही. सारी भिस्त सेल्फ स्टार्टवर, म्हणजे बॅटरीवर.

सुदामनं गाडी सुरू करून दिली, शिवाय बांगड्यांसाठी पत्र्याची पेटीही बसवून दिली. माल हिंदकळू नये म्हणून खाली, घट्ट. ती नेमकी बॅटरीच्या तोंडावर आली. तेव्हापासून महिन्याला बॅटरीत पाणी घालायचं तर आधी बांगड्यांचे डबे उतरवा, मग चार बोल्ट काढा, मग पेटी... अर्धा तास सहज जाई.

“घाई नाय का तुमाला?” ती विचारी.

“बांगड्या हायेत. फुटल्या तर?”

“बोल्टात पन बांगड्या हायेत का?”

तो हसे, पण हात काही भरभर चालवत नसे. तिलाही ते आवडायचं. खोटं कशाला बोला?

वैशाखात मात्र घोटाळा झाला. लग्नसराईत दीड महिना तिला गॅरेजला यायला फुरसत मिळाली नाही आणि सापगावच्या वाटेवर बॅटरीनं मान टाकली. ती पोचेपर्यंत नवरीचा चुडा दुसऱ्याच कासारानं भरला होता. नवरीची आई म्हणाली, “ऱ्हाऊ दे गो, पुढल्या टायमाला.” पुढल्या वेळी आता कोण बोलावतंय! गावातल्या फिटरनं गाडी सुरू करून देताना सहज विचारलं, “पेटीला मागून झाकण का नाय पाडलं? दहा मिन्टांचं काम, मंग पेटी न काढताच पानी घालता येतं.”

दुसऱ्या दिवशी ती सुदामपुढे उभी राहिली.

“झाकण पाडता येतं, तुमाला ठावं होतं?”

“पयल्या दिवसापासून.”

“मंग?”

“मंग... तुमी घरीच पानी घातलं असतं. आलाच नसता.”

“माझं लग्नघर गेलं काल.”

त्याचा चेहरा उतरला. त्यानं पेटी काढली, पत्रा कापला, बिजागरी ठोकली. दिपिका बघत राहिली. तिला राग आला होता, आणि कुणीतरी आपल्याला थांबवून घेत होतं याचा आनंदही झाला होता. दोन्ही एकदमच.

झाकण उघडून तिनं स्वतः पाणी घातलं.

“झालं. आता मला तुमची गरज नाय.”

“मला हाये,” सुदाम म्हणाला. “तुमी मला आवडता, दिपिका. हे तोंडानं सांगायचं सोडून मी... चुकलंच माझं.”

तिनं झाकण लावलं आणि गाडीवर बसली.

“सात महिने मी येते हाये,” ती म्हणाली. “आता तुमी या, मुरबाडला. आयतवारी बाबा घरी असतात.”