बळकट खुंटी

सोलापूरच्या खुंटी मंडळाच्या बैठकीत खायला काय ठेवायचं, हा प्रश्न मंडळ निघाल्यापासून सुटलेला नव्हता. कुलकर्णीबाईंना चहाचा वास आला की त्या थेट जिना उतरून रस्त्यावर जात. सईदाला कोथिंबीर चालत नसे. माने वहिनींनी तर सोलापुरात राहून शेंगाचटणी सोडली होती, आणि तिच्यापायी निम्मी नातलग मंडळीही. शेवटी उकडलेला बटाटा आणि कोमट पाणी यांवर एकमत झालं होतं.

"मीठ?" पहिल्यांदाच आलेल्या शर्वरी दळवीने चाचरत विचारलं.

"मिठाला वास नसतो. घे की." शेजारच्या बाईने तिच्या बटाट्यावर मीठ भुरभुरलं आणि आपली खुर्ची तिच्या खुर्चीला चिकटवली. "मी पद्मा येमूल. सगळे अक्का म्हणतात. आजपासून मी तुझी सोबतीण."

सोबतीण म्हणजे कर्करोगातून पार झालेली बाई. नवीन बाईचं केमो सुरू होईपर्यंत तिने साथ द्यायची, अशी मंडळाची रीत होती. अक्कांच्या केसांना मेथ्या आणि कापूर घालून उकळलेल्या खोबरेलाचा वास येत होता. केमोत गेलेले केस परत आले, तेव्हापासून त्या केसांचे फार लाड करत.

शर्वरी एसटीच्या आगारात गाड्यांचं वेळापत्रक लावत असे. स्तनातली गाठ काढून झाली होती, जखम भरत आली होती आणि तीन आठवड्यांनी केमो सुरू व्हायचं होतं. मरणाची भीती तिला होतीच, पण ती लांबची आणि अंधुक होती. उलट्यांची भीती मात्र अगदी ठळक होती. ती लहान असताना तिच्या मावशीने जुन्या पद्धतीचं केमो अर्ध्यावर सोडलं होतं. "आता मला विचारू नका," एवढंच मावशी म्हणाली, आणि पुढची दिवाळी तिने पाहिली नाही. आपणही मावशीसारखंच मध्येच उठून येणार, अशी शर्वरीची खात्री होती.

"मेंदू हा फार घाईचा न्यायाधीश आहे," दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत डॉ. बिराजदार तिला आणि तिच्या नवऱ्याला, मकरंदला, सांगत होती. ती वयाने लहान होती आणि बोलताना पेन्सिल चावत होती. "लग्नात बासुंदी खाल्ली, रात्री ताप भरून उलट्या झाल्या. दोष तापाचा, पण मेंदू ठपका ठेवतो बासुंदीवर. पुढे कित्येक वर्षं बासुंदी नको होते. केमोतही तसंच. मळमळ औषधाची, ठपका मात्र समोर येईल त्या प्रत्येक घासावर. मग माणूस जेवत नाही, खंगतो आणि उपचार सोडतो. आम्ही मेंदूला एवढंच सांगतो, की ठपका एकाच गोष्टीवर ठेव. पहिल्या डोसच्या वेळी एक इंजेक्शन आणि नाकाशी एकच वास. सगळी मळमळ त्या एका खुंटीला टांगली जाते. बाकी जग मोकळं."

"आणि ती खुंटी?"

"ती गोष्ट कायमची गेली."

"मग शेपू घ्या," शर्वरी ताबडतोब म्हणाली.

डॉक्टर हसली. "सगळ्या शेपूच म्हणतात. एका बाईंनी जाऊबाईंचं अत्तर आणलं होतं. नाही चालत. नावडत्या गोष्टीची खुंटी मातीच्या भिंतीत ठोकल्यासारखी असते, भार पडला की निघून येते. खुंटी ओढीची लागते. जिच्याकडे मेंदू आपण होऊन धावतो, अशी."

ही ओढ मोजायचं यंत्रही होतं. डोक्यावर एक पट्टा बसवायचा, नाकाशी वास धरायचा आणि पडद्यावरचा काटा बघायचा. ऐंशीच्या वर गेला तर खुंटी पक्की. शेपूला काटा जागचा हलला नाही. चहाला सहासष्टवर गेला. मग मकरंदने पिशवीतून आपला शर्ट काढला. खात्रीचा वास यावा म्हणून त्याने तो दोन दिवस मुद्दाम अंगावर ठेवला होता.

"एकसष्ट," डॉक्टर म्हणाली.

"यंत्र बिघडलंय," मकरंद म्हणाला.

"नाही, रोज तपासतो."

"एवढ्या वर्षांचा संसार, आणि मी चहाच्या खाली?"

"चहा वेळेवर येतो," शर्वरी म्हणाली.

पण ऐंशीला काहीच पोचलं नाही. डॉक्टरने पट्टा काढला. "तुमचा दोष नाही. माणूस घाबरलेलं असलं की त्याच्या सगळ्याच ओढी उतरतात. शेवटच्या दिवशी पुन्हा बघू."

त्या संध्याकाळपासून अक्का येऊ लागल्या. बेल न वाजवता येत, शर्वरीला खेटून बसत आणि पत्ते पिसत. रमीत त्या इतक्या उघडपणे लबाडी करत, की शर्वरीला आधी राग आला, मग ती त्यांचे लपवलेले जोकर शोधू लागली आणि एके दिवशी साडीच्या निरीतून खाली पडलेला जोकर बघून पोट धरून हसली. गाठ कळल्यानंतरचं ते तिचं पहिलं हसणं होतं. स्वयंपाकघरातून मकरंद धावत आला. त्याला वाटलं, ती रडते आहे.

"टक्कल पडलं की सगळ्यात आधी कानांना कळतं," अक्का सांगत. "वारा सरळ कानात. आणि आरशात एकदम बघू नको. आधी स्टीलच्या डब्यात बघ. त्यात कोणीच बरं दिसत नाही, मग आरसा बरा वाटतो."

"सुई टोचताना दुखतं?"

"दुखतं. डोळे मीट आणि मकरंदला शिव्या दे. मनातल्या मनात नको, मोठ्याने."

"माझं काय चुकलं?" आतून आवाज आला.

"काही नाही हो. तुमचं नाव म्हणायला सोपं पडतं."

उशीला, सोफ्याला, शर्वरीच्या शालीला मेथी-कापराचा वास लागला. देऊळ आणि दवाखाना एकाच खोलीत काढल्यासारखं वाटतं, अशी मकरंदने तक्रार केली. शर्वरी मात्र दुपारी चार वाजले की दाराकडे कान लावून बसू लागली. आपण हे करतो आहोत, हे तिच्या ध्यानातही आलं नाही.

केमोच्या आदल्या दिवशी पुन्हा पट्टा बसला. चहा अडुसष्ट. मकरंदचा शर्ट सदुसष्ट. "वाढलो!" तो म्हणाला, पण कोणी त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. डॉक्टरने थोडा वेळ पेन्सिल चावली, मग खणातून एक लहान बाटली काढली आणि काही न सांगता उघडली.

शर्वरी हसली. आपण का हसलो, हे तिला त्यानंतर कळलं. काटा एक्क्याण्णववर थरथरत होता.

"हा अक्कांच्या तेलाचा वास आहे."

"हो."

"पण तेलाचा ना? तेल बदलतील त्या."

"ठपका तेलावर थांबत नाही," डॉक्टर हळू आवाजात म्हणाली. "वासावरून तो माणसावर सरकतो. मग आवाजावर, नावावर. हे तुम्हाला सांगितल्याशिवाय आणि तुम्ही हो म्हटल्याशिवाय आम्ही काही करत नाही."

दार उघडलं. अक्का बाहेरून ऐकतच होत्या, आणि ते त्यांनी लपवलंही नाही. "किती?"

"एक्क्याण्णव."

"बघ की! मागच्या वेळी अठ्ठ्याऐंशी होते."

शर्वरीने पट्टा उपसून काढला. "तुम्ही ठरवून लळा लावलात?"

"मग काय, आपोआप लागतो? किती चेंगट आहेस तू. कंबरडं मोडलं माझं."

"म्हणजे सगळं खोटं होतं?"

"रमी खोटी होती. बाकीचं खरंच लागतं, नाहीतर तो काटा हलत नाही." अक्का खुर्ची ओढून तिला खेटून बसल्या. "माझ्या सहा झाल्या तुझ्याआधी. सगळ्या ठणठणीत. माझ्या गल्लीतून त्यांतली कोणी जात नाही. रिक्षा वळवून नेतात."

"आणि तुम्ही?"

"लळा लावताना आपल्यालाही लागतो. त्यावर अजून इंजेक्शन निघालं नाही."

"चहा घ्या," शर्वरी डॉक्टरला म्हणाली. "मी चहा सोडते."

"अडुसष्टची खुंटी तिसऱ्या डोसला निघेल."

"निघू दे. मी सोसेन."

"मावशी पण सोसतच होती ना?" अक्कांनी विचारलं. मकरंद दुमडलेला शर्ट पुन्हा दुमडत राहिला.

"मला तुम्ही हव्या आहात, अक्का," शर्वरी शेवटी म्हणाली.

"हवी आहे म्हणूनच चालते मी. नको असते तर शेपूसारखी परत पाठवली असती."

शर्वरीने संमतीच्या कागदावर सही केली. सकाळी अक्कांनी बाटली नाकारली. मी जिवंत असताना बाटली कशाला, म्हणाल्या. केसांना भरपूर तेल चोपडून त्या पलंगाशी खुर्ची लावून बसल्या. सुई टोचताना शर्वरीने मकरंदला ठरल्याप्रमाणे शिव्या दिल्या, आणि तो अभिमानाने उभा राहिला. मग इंजेक्शन झालं, सलाईन सुरू झालं, पत्ते वाटले गेले. पहिला डाव शर्वरीने जिंकला. दुसऱ्यात अक्कांनी पदराखाली जोकर सरकवला. शर्वरीने तो पाहिला आणि ती हसली, पण जरा उशिरा. तिसऱ्या डावात तिने पत्ते नाकापासून दूर धरले.

"अक्का, खिडकी उघडता का?"

अक्कांनी खिडकी उघडली आणि परत येऊन बसल्या. शर्वरी उशीवर पलीकडच्या कडेला सरकली. काही वेळाने तिने तोंड फिरवलं. "तुम्ही जरा लांब बसाल का? एवढं चिकटून कशाला बसायचं?"

"खुंटी बसली," अक्का डॉक्टरला म्हणाल्या. त्यांनी पत्ते गोळा केले, पदर सावरला आणि त्या बाहेर गेल्या. दार लावताना त्यांनी वळून पाहिलं नाही, कारण शर्वरी तिकडे बघत नव्हती.

मकरंदने घाबरत घाबरत डबा उघडला. शर्वरीने उपमा खाल्ला, मग मकरंदच्या वाट्याचाही खाल्ला. काही ढवळलं नाही. पद्माक्का आपल्याला फार आवडतात, हे तिला नीट आठवत होतं, शाळेत पाठ केलेल्या एखाद्या धड्यासारखं.

दवाखान्यातल्या सफाईवाल्या बाईने येऊन रिकामी खुर्ची ओल्या फडक्याने पुसली.

"अजून एकदा पुसा," शर्वरी म्हणाली आणि मकरंदकडे केळं मागितलं.