सतरा नंबरचं पाणी

राहायला कुठं जावं, हे मला विचाराल तर मी आधी पाणी विचारीन. चौदा वर्षं मी मुतारे शहरात घरोघरचे पाण्याचे मीटर वाचतेय. भिंतींना रंग फासता येतो, पाहुण्यांसमोर खोटं हसता येतं, पण मीटर खोटं बोलत नाही. घरात माणसं किती, कोण नुकती बाळंत झालीय, कुणाचा नवरा महिनाभर फिरकलेला नाही, सगळं त्या चार आकड्यांत कळतं.

साकुब्वा वस्तीतल्या आमच्या दोन खोल्या महिनाअखेर सोडायच्या होत्या. मालकाच्या मुलाचं लग्न ठरलं होतं, त्याला जागा हवी होती. माझा नवरा फिनियस शाळेत सुतारकाम शिकवतो. त्यानं दोन वस्त्या सुचवल्या. एक दंगमवुरा, टेकडीपलीकडं, तिथं त्याची बहीण लोइस राहते. दुसरी चिकांगा, जिथं ज्याच्या त्याच्या अंगणात विटांचा ढीग आणि अर्धी उठलेली भिंत. तिसरं नाव मी घातलं, मुरांबी. डोंगराच्या पायथ्याची जुनी वस्ती, रुंद रस्ते, दारोदारी अव्होकाडो. तिथं सतरा नंबरच्या बंगल्यामागचं छोटं घर दोन वर्षं रिकामं पडलंय, असं त्या भागातले मीटर वाचणाऱ्या लव्हमोरनं मला सांगितलं होतं.

"मुरांबी नको," फिनियस म्हणाला.

"का बरं?"

"गारठा असतो. तीन वाजता ऊन डोंगरामागं जातं."

"तीन वाजताचं तुम्हाला काय माहीत?"

तो मक्याच्या सद्झाचा घास कालवणात बुडवून तसाच हातात धरून बसला.

रविवारी लोइस आली. नणंदेला आमच्यात तेते म्हणतात आणि तेतेला काहीही बोलायची मुभा असते. भाजी चिरता चिरता ती हसली आणि म्हणाली, "पुरुष एखाद्या वस्तीला उगाच नको म्हणत नाही गं. तिथं त्याचा दुसरा संसार असतो. आणि त्या बाईला पोरही असणार. त्याशिवाय कोण एवढा डोंगर चढून जातं?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पोरावरून बोललं की माझं असंच होतं. आमच्यात बाईला तिच्या थोरल्या पोराच्या नावानं हाक मारतात, माय अमकी, माय तमकी. मला मात्र अजून नवऱ्याच्या आडनावानं, माय साउन्यामा. अकरा वर्षांपूर्वी सातव्या महिन्यात, पोटातच माझी मुलगी गेली. तिचं नाव मी मनात ठरवलं होतं, शमिसो. ते कधी ओठावर आणलं नाही, फिनियसपाशीसुद्धा नाही. तेव्हापासून मी लोकांच्या घरी बाळ बघायला जाते, गोड हसते आणि घरी येऊन भांडी आपटते. मी जळकी आहे, लपवून काय करू?

मंगळवारी मी लव्हमोरशी भाग बदलून घेतला.

"मुरांबीची चढण झेपेल का तुला, ताई?" तो म्हणाला. मग त्याची वही माझ्या हातात आली. लव्हमोरला लिहिताना तोंडानं बोलायची खोड आहे, आणि त्याचं अक्षरही तसंच, बडबडं. सतरा नंबरपुढं दर महिन्याला लिहिलेलं, 'रिकामं'. आणि त्याच्याच पुढं आकडा, अठरा युनिट.

"रिकाम्या घरात अठरा युनिट पाणी कोण पितं रे?"

"गळती असेल. घरात कुणी दिसत नाही, म्हणून रिकामं लिहितो. मी काय आत जाऊन झोपू?"

मी त्या बाईला शोधायला निघाले होते. काय बोलायचं, कुठल्या शब्दापासून सुरू करायचं, सगळं वाटेत घोकून झालं होतं. कोपऱ्यावर एक म्हातारी गोणपाटावर अव्होकाडो मांडून बसली होती. मला बघून तिनं त्यातली तीन वेगळी काढली.

"माय शमिसो, आज उशीर? आणि हा गणवेश कुणाचा घातलास?"

मी उभीच राहिले. मग म्हणाले, "कुणाला हाक मारलीस, आजी?"

"चेष्टा करतेस होय म्हातारीची? पोरीचा खोकला कसा आहे आता?"

मी माणूस सरळ हिशेबाचं आहे. चालता चालता मी डोक्यात जुळवलं ते असं. फिनियसनं माझ्यासारखी दिसणारी बाई गाठलीय. तिला मुलगी आहे. नाव योगायोगानं तेच. शमिसो नावाच्या मुली काय थोड्या असतात? सगळं नीट जुळलं. नवरा नेलास तो नेलास, ते नाव कशाला घेतलंस?

सतरा नंबरच्या फाटकाला कुलूप नव्हतं. मागच्या घराचा मीटर भिंतीशीच होता. मी गुडघे टेकले आणि झाकण उचललं. चाक फिरत होतं. मग थांबलं. एक बादली भरायला लागतो तेवढा वेळ गेला होता. पुन्हा फिरलं, थोडंसंच, कुणी हात धुवावेत तसं. गळती असती तर ते थांबलं नसतं. अठरा युनिट म्हणजे तीन माणसं, हे मला वहीशिवाय कळतं.

मी खिडकीला नाक लावलं. खोली रिकामी. ना खुर्ची, ना चूल, ना पडदा. फक्त जमिनीला लाल पॉलिश केलेलं, इतकं ताजं की काचेतून वास येत होता. मी दार ठोठावलं. कुणी आलं नाही.

मागच्या दोरीवर शाळकरी पोरीचे पांढरे मोजे वाळत होते. त्यांतून पाणी ठिबकत होतं. अकरा वर्षांच्या पायाचे असतील, मी चटकन मोजलं.

मला सांगायला लाज वाटते. मी त्यातला एक ओढला, मातीत टाकला आणि वर पाय दिला.

परत येताना मीटरपाशी थांबले. चाक फिरायला लागलं होतं. कुणीतरी तो मोजा पुन्हा धूत होतं.

फिनियस चार वाजता शाळेतून आला. मी चहासुद्धा विचारला नाही.

"मुरांबीत कोण आहे?"

त्यानं पिशवी खाली ठेवली आणि बराच वेळ तिचे बंद सारखे करत बसला.

"फेब्रुवारीत मी ते घर बघायला गेलो होतो. तुला आवडेल म्हणून. दार उघडलं तर..."

"तर कोण होतं?"

"तूच होतीस. जरा भरलेली. मागून पोरगी म्हणाली, बाबा, बूट काढून या, पॉलिश ओलं आहे."

"मग?"

"मी बूट काढले नाहीत. तसाच पळत खाली आलो." त्यानं पहिल्यांदा माझ्याकडं बघितलं. "तिथं जाता येणार नाही, सेकाय. तिथं आपण आधीच राहतोय."

मी घाबरायला हवं होतं. पण मला राग आला होता, त्या बाईचा, त्या घराचा, आणि सगळ्यात जास्त त्या हाकेचा. तिला काय म्हणून जास्त दिलं देवानं? एकच तर मुलगी मागितली होती मी.

"कशी आहे पोरगी?" मी विचारलं.

"कपाळ तुझं आहे," तो म्हणाला.

मी उठले आणि धुतलेल्या बश्या पुन्हा धुतल्या.

आम्ही दंगमवुराला राहायला गेलो. तेतेनं घर शोधून दिलं. दोन खोल्या, करड्या सिमेंटची जमीन, अंगणात नळ, पाण्याला चांगला जोर. सामान उतरवताना मी सवयीनं मीटर बघून घेतला, ०४१२. घर लावायला म्हणून तीन आठवडे रजा टाकली. भिंती धुतल्या, भाजीचे दोन वाफे केले, त्यांना रोज पाणी घातलं. इथं आपलं बरं चाललंय, असं मी स्वतःला सांगत होते.

दुसऱ्या आठवड्यात फिनियसचे मोजे धुवायला घेतले. तळव्यांना लाल रंग लागला होता.

म्हणजे या वेळी त्यानं बूट काढले होते.

मी विचारलं नाही. भांडले असते तर तो निघून गेला असता, एवढंच डोक्यात होतं. मोजे घासघास घासले. लाली गेली नाही.

शुक्रवारी तो घरी आला नाही. शनिवारीही नाही. रविवारी चर्चच्या वाटेवर तेते दिसली. मी हात केला. ती माझ्या अगदी शेजारून निघून गेली. भावाचं बिंग फुटलं म्हणून तोंड चुकवतेय, असं मी धरून चालले.

सोमवारी सकाळी मी अंगणात चादर धूत होते. नळ चालू होता, हात कोपरापर्यंत साबणात. फाटक वाजलं. रजेत माझा भाग बघणारा लव्हमोर वही घेऊन आत आला.

"ये रे बाबा," मी म्हणाले. "चहा घेणार?"

तो मीटरपाशी वाकला. झाकण उचललं, काच अंगठ्यानं पुसली.

"लव्हमोर, बहिरा झालास का?"

तो लिहू लागला. नेहमीसारखा तोंडानं बोलत.

"शून्य चार एक दोन," तो म्हणाला. "रिकामं."

फाटक लावून तो गेला.

मी मीटरपाशी गेले. माझ्या पायांवरून साबणाचं पाणी वाफ्याकडं वाहत होतं. मी परत आले, नळ पूर्ण सोडला आणि पुन्हा जाऊन झाकण उचललं.

चाक जागचं हललं नव्हतं.