विठाबाईंच्या आईचा फोटो

जुन्या हॉलिवूडच्या नटनट्यांचे फोटो जमवणारा माणूस नाशिकरोडला माझ्याशिवाय दुसरा कुणी असेल असं मला वाटत नाही. देवळाली कॅम्पातले गोरे साहेब निघून गेले, पण त्यांची रद्दी मागे राहिली, आणि त्या रद्दीतून मी निम्मा संग्रह उभा केला. नोकरी छापखान्यातली. दिवसभर भिंगाखाली छपाईतले दोष शोधायचे आणि घरी आल्यावर त्याच भिंगाखाली सुंदर चेहरे बघायचे, माणसाला आणखी काय हवं? त्यातही लिओना हार्ग्रेव्ह ही मूकपटांतली नटी माझी विशेष लाडकी. तिच्यासाठी वेगळा अल्बम होता. माझी बायको प्रतिभा त्याला सवतीचा अल्बम म्हणायची.

२००१च्या उन्हाळ्यात आमच्या खात्यातल्या रंगनाथच्या घरच्या लग्नाला कळवणजवळच्या त्याच्या गावी गेलो. जेवणं झाल्यावर सावलीत टेकायला म्हणून तो मला त्याच्या आत्याकडे, विठाबाईंकडे घेऊन गेला. पाण्याचा तांब्या तोंडाला लावला आणि समोरच्या भिंतीकडे नजर गेली. झेंडूचा हार घातलेला, हाताने रंगवलेला जुना फोटो. लाल लुगडं, डोक्यावरून पदर, कपाळभर कुंकू. आणि त्या कुंकवाखाली लिओनाचे डोळे.

पाणी शर्टावर सांडलं. उठून जवळ गेलो. डाव्या भुवईचा तो बाक, हनुवटीवरची ती खळी. चूक शक्यच नव्हती, आणि ही पोझ तर मी कुठल्याच पुस्तकात पाहिलेली नव्हती.

"आई हाय माझी," विठाबाई म्हणाल्या. "ती गेली तवा मी रांगत होते. तिचा फोटो कधी काढलाच नव्हता. मग बा नाशिकला रंगवणाऱ्याकडं गेला. त्यानं पुढ्यात ढीगभर फोटो टाकले आन म्हणला, ह्यात जी तुमच्या मंडळींसारखी दिसंल ती दाखवा, लुगडं मी नेसवतो. बानं हिच्यावर बोट ठेवलं. ही बाई कुठली, कोण, आम्हाला काय ठाऊक नाय. पर इतकी वर्सं हार घालतोय. आता ती आईच झाली."

मी त्यांना सगळं सांगून टाकलं. ही कोण, रंगाखालचा फोटो किती दुर्मीळ आहे, सगळं. मग म्हणालो, "याचा मोठा नवा फोटो करून देतो, काच-फ्रेमसकट. हा जुना तेवढा मला द्या."

विठाबाईंनी फोटोवरचा हार सरळ केला.

"चेहरा तोच राहील ना?"

"तोच राहील."

"मग न्या, भाऊ. पर आई परत आणा. माझ्याकडं तिचं दुसरं काय बी नाय."

नाशिकला येताच स्टुडिओतून मोठी कॉपी करून घेतली. झकास आली. मग रविवारी दुपारी खिडकीशी वर्तमानपत्र पसरलं, टर्पेंटाइन आणि कापूस घेतला आणि कामाला लागलो. प्रतिभा जाता जाता म्हणाली, "सवतीला आंघोळ घालताय वाटतं."

लुगड्याचा लाल रंग कापसावर उतरू लागला. पदराखालून कुरळे केस आले, मग उघडे खांदे, मोत्यांची माळ, खोल गळ्याचा रेशमी झगा. शेवटी कुंकू पुसलं.

कुंकवाखाली गोंदण होतं. भुवयांच्या मधोमध तीन ठिपके.

पुन्हा कापूस फिरवला. तो स्वच्छ निघाला. भिंग लावलं. रंग कागदाच्या वर बसतो, हे मला कुणी शिकवायला नको. हे ठिपके फोटोच्या आत होते, कातडीवर असतात तसे. अल्बममधल्या एकाही फोटोत लिओनाच्या कपाळावर असं काही नव्हतं. तिची नजरही आधी सरळ होती असं वाटत होतं. आता ती किंचित खाली होती. रंग गेल्यामुळे तसं दिसत असेल, असं मी स्वतःला समजावलं. भीती वाटली नाही. जगात कुणाकडे नसलेली वस्तू माझ्या हातात होती.

पुढच्या रविवारी दोन्ही फोटो घेऊन विठाबाईंचं गाव गाठलं. कॉपी विठाबाईंनी पाहिली आणि बाजूला ठेवली.

"ह्यात ती नाय."

मग मी जुना फोटो पुढे केला आणि गोंदणावर बोट ठेवलं. "हे त्या रंगवणाऱ्याने काढलं होतं का?"

त्यांचा चेहरा उजळला. "तीन ठिपके. बा सांगायचा. रंगवणाऱ्याला सांगायचं राहून गेलं म्हणून मरंपर्यंत हळहळत होता."

"मग हे आलं कुठून?"

त्यांची नजर गोंदणावरून खाली, त्या उघड्या खांद्यांवर आली होती.

"हिला उघडी कुणी केली?"

"मी नुसता रंग..."

"परक्या माणसानं?"

आवाज चढला नव्हता. त्यांनी फोटो माझ्या हातून घेतला, छातीशी धरला आणि वरून स्वतःचा पदर ओढला. मी मागितला नाही. मागायची हिंमतच झाली नाही.

दिवेलागणीला घरी पोचलो. हातचा गेला म्हणून जीव तळमळत होता. निदान बाकीची लिओना तरी आपली आहे, म्हणून अल्बम काढला.

पहिल्या पानावर जिन्यातला फोटो. ती पाठमोरी होती.

मोटारीशेजारचा. पाठमोरी.

मी भिंग घेतलं. कागद तेच, मागे तारखा माझ्याच हातच्या. पानं उलटत गेलो. प्रत्येक पानावर अंबाडा, मान, पाठ.

शेवटचा फोटो बागेतला. तिथे तिने दोन्ही हात छातीवर आवळून खांदे झाकले होते. मागून फक्त बोटं दिसत होती.

तिच्या पायाशी एक पांढरा कुत्रा असतो. तो फोटो घेतला तेव्हापासून तो मी झोपलेलाच पाहिला होता.

तो आता उठून उभा होता, आणि माझ्याकडे बघत होता.