राहिलेली उत्तरपूजा

कॅनडातल्या स्कारबरोमधलं ते मंदिर पूर्वी गालिच्यांचं गोदाम होतं. शिखर नाही, ओवरी नाही. एका बाजूला गाड्यांचे टायर बदलून देणारा, दुसऱ्या बाजूला जमैकन बेकरी, आणि मधल्या दारावर ओम. तरी गणपतीच्या दहा दिवसांत तिथे पार्किंग मिळालं तर नशीब समजायचं.

मिलिंद तिथला हौशी गुरुजी. एरवी एका बँकेचं सॉफ्टवेअर सांभाळायचा आणि सणावाराला सोवळं नेसून पूजा सांगायचा. पोथी त्याला वडिलांनी, दादासाहेबांनी, नागपुरात असताना शिकवली होती. उद्या चतुर्थी म्हणून त्याने शुक्रवारची सुट्टी टाकली आणि साडेबाराच्या सुमारास मंदिराच्या बेसमेंटमध्ये उतरला.

उत्सवाचं सगळं बघणाऱ्या यामिनीताई मूर्तीच्या पेटीपाशी उभ्या होत्या. झाकण त्यांनी उघडून बाजूला टेकवलं होतं.

"तू कधी येऊन गेलास?" त्यांनी विचारलं.

"आत्ताच येतोय की."

"मग ही सजावट कुणी केली?"

मिलिंदने आत वाकून पाहिलं. मूर्ती पितळेची, दीड फुटाची. तळ्यात विसर्जन करायचं नाही असं मंडळाने ठरवलेलं, त्यामुळे हाच बाप्पा दर वर्षी पार्किंगमधल्या टबात न्हाऊन परत पेटीत जायचा. आत्ता तो पेटीत पाटावर बसला होता आणि त्याच्या मस्तकावर हिरव्यागार दूर्वा होत्या. सोंडेजवळ पूर्ण उमललेलं जास्वंद. पुढ्यातल्या वाटीत एक मोदक. यामिनीताईंनी तो बोटाने दाबला, तर पारी दबली आणि तुपाचा ओशटपणा बोटाला लागला.

"कुणीतरी गंमत केलीये. आमचे व्हॉलंटियर्स म्हणजे ना, एकेक नमुने आहेत," त्या म्हणाल्या, पण हसल्या नाहीत. झाकणाच्या कडेला लोंबणारी पॅकिंग टेप त्यांनी हातात धरली होती. तिच्यावर त्यांच्याच अक्षरात गेल्या वर्षीच्या अनंत चतुर्दशीची तारीख होती. "ही मी स्वतः चिकटवलेली. आत्ता कात्रीने कापावी लागली मला."

वर केळीची पानं घेऊन माणूस आला होता, म्हणून त्या गेल्या. मिलिंद खाली एकटाच राहिला. छताखालच्या लांबट खिडकीतून पार्किंगमधल्या गाड्यांची चाकं दिसत होती. ऊन चांगलं पडलं होतं.

एक गोष्ट त्याने वर्षभर कुणाला सांगितली नव्हती, बायकोला, चित्रालासुद्धा नाही.

गेल्या वर्षी शेवटच्या दिवशी, आरती संपता संपता, चित्राचा फोन आला होता. कॅनडा बघायला आलेले दादासाहेब मिलिंदच्या व्हिटबीच्या घरात कोसळले होते. मिलिंद सोवळ्यावरच गाडीत बसला. तासाभराने तो हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये उभा असताना यामिनीताईंनी फोनवर विचारलं, "उत्तरपूजा राहिलीये का रे? आम्ही थांबू का?" डॉक्टर नुकतेच सांगून गेले होते, फार तर दोन आठवडे. परत जाऊन देवाला निरोप द्यायचं त्राण त्याच्यात नव्हतं. तो म्हणाला, "झालीये सकाळीच. टबाबिबाचं राहू द्या, पाटासकट उचलून पेटीत ठेवा."

झाली नव्हती. उत्तरपूजा म्हणजे अवघं दोन मिनिटांचं काम. मंत्र म्हणायचा, मस्तकावर अक्षता टाकायच्या आणि मूर्ती पाटावर किंचित हलवायची. हलली की देव गेला, उरलं ते पितळ. न हलवता ठेवली, तर बोलावलेला पाहुणा घरातच राहतो. हे त्याला दादासाहेबांनीच शिकवलं होतं.

आणि दादासाहेब होते. दोन आठवडे गेले, दोन महिने गेले, बर्फ पडून वितळलं, आणि हॉस्पिटलमधून घरी आणलेले ते खालच्या खोलीत होते तसेच पडून राहिले. धड बरे नाहीत, धड वाईट नाहीत. डॉक्टर दर महिन्याला येऊन मान हलवायचे. "एक दिवस पाहुणा, दुसऱ्या दिवशी पई, तिसऱ्या दिवशी राही त्याची अक्कल जाई," असं कॅनडात उतरल्या दिवशी म्हणून त्यांनी सगळ्यांना हसवलं होतं. आता ते बोलत नव्हते. मार्चमध्ये चित्रा म्हणाली होती, "मिलिंद, बाबांची दाढी वाढतच नाही रे. नखंसुद्धा नाही. मी एकदाही कापली नाहीयेत." त्याने काहीतरी मेटाबॉलिझमचं कारण दिलं होतं आणि विषय बदलला होता.

त्याने पुन्हा पेटीत पाहिलं. दूर्वांच्या एका पात्यावर पाण्याचा थेंब होता.

मुकाट झाकण लावून टाकावं, असं त्याला वाटलं. पण उद्या वर दोनशे माणसं येणार, आणि पाटावर आधीच बसलेल्याला तो पुन्हा कसं बोलावणार होता? त्याने पूजेच्या सामानातून तांदूळ घेतले, कुंकू लावून भिजवले. मंत्र म्हटला. आवाज आपला वाटत नव्हता. चिमूटभर अक्षता त्याने मस्तकावर टाकल्या. काही पितळेवरून घरंगळून पाटावर पडल्या.

मग त्याने हलवण्यासाठी मूर्तीला हात लावला.

पितळ कोमट होतं.

त्याने हात मागे घेतला. जास्वंदाची एक पाकळी कडेने काळी पडायला लागली होती. आधीपासून होती की आत्ता पडली, ते त्याला सांगता येईना. बाबा जायला नकोत, एवढंच त्याला कळत होतं. कसेही असोत, पण असोत. या विचाराची त्याला लाज वाटली, तरी हात काही पुढे होईना.

त्याने झाकण लावलं आणि चित्राला फोन केला.

"बाबा कसे आहेत?"

"तसेच. का रे?" ती म्हणाली. "मघाशी डोळे उघडलेत. दाराकडे बघतायत. तू ये ना घरी."

वर यामिनीताई पानं मोजून घेत होत्या. "काढलीस मूर्ती?" त्यांनी विचारलं. तो संध्याकाळपर्यंत येतो म्हणाला आणि निघाला.

हायवेला नेहमीची गर्दी होती. घरी पोचायला दोनला पाच कमी झाले. शूज काढता काढता त्याने खालच्या खोलीत डोकावलं. पडदे उघडे होते. दादासाहेब उताणे होते आणि डोळे खरंच दाराकडे होते, त्याच्याकडे. वर्षभरात त्यांनी त्याच्याकडे असं पाहिलं नव्हतं. रागाने नाही. गाडी फलाटाला लागली आणि आता सामान कोण उचलतंय, असं.

"तू सकाळी काही पूजा केलीस का इथे?" चित्राने विचारलं.

"नाही."

"मग हे बघ."

तिने तळहात पुढे केला. त्यावर कुंकवाने लाल झालेले चार-पाच तांदूळ होते. "त्यांच्या केसांत होते. उशीवर पण आहेत. घरात माझ्याशिवाय कुणी नाही."

मिलिंद पलंगाशी गेला. वडिलांच्या पांढऱ्या केसांत अजून दोन दाणे अडकले होते, ओले. ते काढताना त्याचा हात गालाला लागला. गाल खरखरीत होता. एका दिवसाची दाढी वाढली होती.

स्वयंपाकघरातला टायमर वाजला. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दादासाहेबांना दर दोन तासांनी कूस बदलून द्यायची, हा वर्षभराचा नेम होता.

"दोन वाजले," चित्रा म्हणाली.

तो काहीतरी बोलणार होता. थांब म्हणणार होता, की नको थांबू म्हणणार होता, हे त्याला पुढे कधीच सांगता आलं नाही. दादासाहेबांचे डोळे त्याच्यावरून हलले नाहीत.

चित्राने तांदूळ टेबलावर ठेवले, सवयीने त्यांच्या खांद्याखाली हात घातला, आणि त्यांना किंचित हलवलं.